रविवारची उपासना लाइव्ह दाखवणं मंडळीने बंद करावं का?

नेवाशाची लेक · रविवार, रात्री ९:४०

जय ख्रिस्त सर्वांना.

बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहूनच टाकते. आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातल्या एका गावातली. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आईच्या तोंडी नगरच आहे आणि माझ्याही.) मिशनच्या काळातलं दगडी चर्च, घंटा अजून दोर ओढून वाजवतात. लग्नानंतर मी पिंपरीत आले, आई गावीच. वय ७८. मागल्या वर्षी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आता वॉकर धरून अंगणापर्यंत येते, तेवढंच. चर्च घरापासून हाकेच्या अंतरावर. घंटा ऐकू येते, जाता येत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत आमच्या तरुण संघाच्या मुलांनी फोन स्टँडवर लावून यूट्यूबवर उपासना दाखवायला सुरुवात केली. ती पुढे चालूच राहिली. आई रविवारी सकाळी लवकर आंघोळ करते, धुवट साडी नेसते, फोन उशीला टेकवून बसते. 'उपासना संगीत' मांडीवर. गीताचा क्रमांक सांगितला की पान काढते. तिकडे अर्पणाची थैली फिरायला लागली की इकडे पितळेच्या वाटीत दहाची नोट ठेवते. महिन्यातून एकदा मी गावी जाते तेव्हा ती वाटी खजिनदारांकडे रिकामी करून येते.

आता कमिटीने ठरवलंय, नाताळानंतर लाइव्ह बंद. कारण सांगितलं की धडधाकट माणसं घरी बसायला लागली. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं दहाव्या अध्यायातलं वचन वाचून दाखवलं, कित्येकांच्या चालीप्रमाणे आपलं एकत्र मिळणं सोडू नका. मला त्यांची काळजी खोटी वाटत नाही. मी स्वतः इथे पिंपरीत पोळ्या लाटता लाटता उपासना 'बघितली' आहे आणि उपदेश कशावर होता ते दुपारी आठवलं नाही. पण आईने काय करायचं? हे तिला अजून सांगितलेलं नाही. तुमच्या मंडळ्यांमध्ये काय चालतं, ते मोकळेपणी सांगा.

पंच_सोलापूर · रविवार, रात्री १०:२५

ताई, मी अशाच एका कमिटीवर आहे आणि बंद करण्याच्या बाजूने हात वर केलेला माणूस आहे, म्हणून आधी मीच बोलतो.

आमच्याकडे २०२१ च्या घटस्थापनेला, ७ ऑक्टोबरला, सरकारने देवळं, मशिदी, चर्च सगळं पुन्हा उघडलं. त्यानंतरच्या रविवारी आम्ही बाकं पुसून, फुलं लावून वाट बघत होतो. निम्मी बाकं रिकामी. वाटलं, लोकांच्या मनात भीती आहे, येतील हळूहळू. वर्ष गेलं, तरी तीच गत. भेटले की म्हणायचे, "बघतो ना आम्ही, काका, एकही रविवार चुकवत नाही." गायनवर्गात खर्जाचा आवाज एकच उरला. संडे स्कूलला मुलं येईनात, कारण मुलांना आणणारे आईबाप घरी.

आणि माझं खरं दुःख वेगळं आहे. आशीर्वाद झाला की मुलं कॅमेरा बंद करतात. पण आमची निम्मी मंडळी तर त्यानंतर असते. बाहेर लिंबाच्या झाडाखाली अर्धा तास माणसं उभी असतात. कोणाची बोअर आटली, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली, कोणाच्या घरी चार दिवस चूल नीट पेटली नाही, हे मला तिथे कळतं. कोणी तोंडाने सांगत नाही, चेहऱ्यावर दिसतं. एक बाई तीन रविवार झाडाखाली न थांबता तशाच निघून गेल्या, तेव्हा माझी पत्नी मागोमाग घरी गेली आणि घरात काय चाललंय ते समजलं. यूट्यूबवर त्या नुसता एक आकडा झाल्या असत्या.

तुमच्या आईंसारख्या माणसांसाठी जीव तुटतो. पण बारा घरांसाठी दार उघडं ठेवायचं आणि त्याच दाराने शंभर माणसं बाहेर जायची, हे मला बघवलं नाही.

वाचनवेडी · रविवार, रात्री १०:५०

वाचते आहे. पंचकाका, लिंबाच्या झाडाचं अगदी पटलं. आमच्याकडे ती जागा चिंचेखाली आहे.

वसईकर_धर्मग्रामस्थ · सोमवार, सकाळी ७:१५

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमचा प्रश्न थोडा वेगळ्या ठिकाणी अडतो. तुमच्याकडे वचन आणि उपदेश मध्यभागी असतो, तो फोनवर निदान ऐकता येतो. आमच्या मिस्सेचा, म्हणजे उपासनेचा, मध्य म्हणजे कम्युनियन, प्रभूच्या देहाची भाकर घेणं, आणि ते पडद्यातून बाहेर येत नाही. व्हॅटिकनने २००२ मध्येच इंटरनेटवर एक निवेदन काढलं होतं. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. महामारी यायच्या अठरा वर्षं आधी.

२०२० मध्ये पोप फ्रान्सिस ९ मार्चपासून रोजची सकाळची मिस्सा थेट दाखवत होते. आमच्या घरी आईबाबा ती लावायचे. ईस्टर १२ एप्रिलला झाला, आमच्या गावात घंटा वाजली आणि रस्त्यावर कोणी नव्हतं. त्याच आठवड्यात, १७ एप्रिलला, त्याच थेट मिस्सेत पोप म्हणाले की ही चर्च नव्हे, ही अडचणीच्या काळातली चर्च आहे; देवाशी जवळीक आहे पण समाज नाही, भाकर नाही, असं झालं तर ते धोक्याचं. कॅमेऱ्यासमोर बसून कॅमेऱ्याबद्दल सावध करणं मला फार मोठं वाटलं. महिन्याभराने, १८ मेनंतर, ते प्रक्षेपण त्यांनी थांबवलंही.

आता माझं. त्याच वर्षी माझी मावशी वारली. अंत्यविधीला वीसच माणसं, असा नियम होता. वसईत मयताला सगळं गाव येतं, हे ज्याने पाहिलंय त्याला कळेल वीस म्हणजे काय. मी पलीकडच्या आळीत राहतो आणि मावशीची मिस्सा फोनवर पाहिली. चित्र मध्येच थांबत होतं. शवपेटीवर माती टाकल्याचा आवाज ऐकू आला आणि माझ्या हातात काही नव्हतं. मूठभर मातीसुद्धा नव्हती. त्या दिवसापासून मला कोणी "ऑनलाइन आणि प्रत्यक्ष सारखंच" म्हटलं की ऐकवत नाही.

पण ताई, तुमच्या आईचं उत्तर आमच्याकडे जुनंच आहे. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, नेमलेले सेवक असतात, ते आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन घेऊन जातात. टीव्हीवरची मिस्सा बघून झाली की दारात माणूस येतो. दोन्ही मिळून ते पूर्ण होतं. नुसता टीव्ही लावून दिला आणि माणूस पाठवला नाही, तर ती त्या आजाऱ्याची उपेक्षाच.

दर्यावर्दी · सोमवार, दुपारी २:३०

मी मर्चंट नेव्हीत इंजिनियर. सध्या घरी आहे, म्हणून निवांत लिहितो.

२०२० मध्ये जगभर क्रू बदलणं थांबलं, तेव्हा मी करार संपून पाच महिने उलटले तरी जहाजावरच होतो. बंदर दिसायचं, उतरता यायचं नाही. आमच्यात ख्रिस्ती चौघं: दोन फिलिपिनो, एक केरळचा, एक मी. उपग्रहाचं इंटरनेट तुटपुंजं, व्हिडिओ चालायचा नाही. बायको माझ्या मंडळीच्या उपासनेचा नुसता आवाज लहान फाइल करून पाठवायची. रविवारी मेसमध्ये आम्ही चौघं बसायचो, मी माझ्या मराठी फाइलमधलं एक गीत लावायचो, ते त्यांच्या भाषेतलं लावायचे, मग एकेकाने आपापल्या भाषेत प्रार्थना. कोणाला कोणाचे शब्द कळत नव्हते.

तो आवाज माझ्यासाठी काय होता ते सांगता येणार नाही. मागे कोणाचं तरी बाळ रडायचं, आमच्या पाळकसाहेबांचा खोकला, बाकाचा करकर आवाज. उपदेशापेक्षा मी तेच ऐकायचो. त्यामुळे 'बंद करा' हा शब्द मी म्हणू शकत नाही.

पण पंचकाकांना उलट साक्षही देतो. स्टेला मारिस म्हणून खलाशांची सेवा करणारी कॅथलिक संस्था आहे, १९२० मध्ये ग्लासगोला सुरू झाली. दुसऱ्या एका फेरीत, एका थंड बंदरात, त्यांचा माणूस गँगवे चढून आला. हातात सिमकार्डं आणि लोकरीच्या टोप्या. मी कॅथलिक नाही, त्याने ते विचारलंही नाही. नाव विचारलं, बायकोचं नाव विचारलं, हात धरून प्रार्थना केली. आठ महिन्यांत बाहेरच्या माणसाने हात धरण्याची ती पहिली वेळ. शंभर फाइली एकीकडे आणि ती दहा मिनिटं एकीकडे.

जुनी_पानं · सोमवार, रात्री ११:०५

धागा फार चांगला चाललाय. थोडा मागचा काळ आणतो, कारण हा वाद आपल्याला वाटतो तितका नवा नाही.

चर्चमधली उपासना रेडिओवरून पहिल्यांदा गेली ती २ जानेवारी १९२१ ला, अमेरिकेत पिट्सबर्गमधल्या एका चर्चमधून. म्हणजे शंभर वर्षं झाली. १९२३ मध्ये लंडनला राजपुत्राचं लग्न रेडिओवर द्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी नकार दिला. दारूच्या गुत्त्यात बसून माणसं डोक्यावरची टोपी न काढता ऐकतील, ही त्यांची भीती. ताईंनी पोळ्या लाटण्याचं लिहिलंय, ती टोचणी हीच. १९३१ मध्ये व्हॅटिकनने स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं, ते मार्कोनीनेच उभारून दिलं. प्रत्येक वेळी भीती तीच होती, आणि ती निराधार नव्हती.

त्याही मागे जा. प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा तो तिथे कधी गेलेला नव्हता. न भेटलेल्या माणसांना लिहिलेलं ते पत्र दोन हजार वर्षं मंडळ्यांमध्ये वाचलं जातं. म्हणजे दुरून आलेलं वचन उणं नसतं. पण त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो म्हणतो, तुम्हांला भेटण्याची मला उत्कंठा आहे. योहानाचं दुसरं पत्र तर इवलंसं आहे, त्याचा शेवट असा की लिहायचं पुष्कळ आहे पण कागद आणि शाईने नको, तुमच्याकडे येऊन तोंडोतोंड बोलेन, म्हणजे आनंद पूर्ण होईल. कागद-शाईच्या जागी फोन ठेवा.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हुतात्मा जस्टिनचं वर्णन. इ.स. १५० च्या सुमाराला रोममध्ये रविवारी ख्रिस्ती लोक काय करत, ते त्याने लिहून ठेवलंय: शहरातले, खेड्यातले सगळे एका जागी जमतात, प्रेषितांचं लेखन वाचलं जातं, उपदेश होतो, उठून प्रार्थना होते, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, आणि जे हजर नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, तो वाटा घेऊन जातात. त्याच परिच्छेदात पुढे अर्पणाबद्दल आहे, ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले यांच्यासाठी जमा होतं. न आलेल्यांचा वाटा ही आपल्या उपासनेची सोय नाही, तो उपासनेचाच भाग आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वीपासून. तुमच्या कमिटीसमोर इब्री १०:२५ बरोबर हेही वाचा.

आपल्याकडचंही एक. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. भिंतींबाहेरची मंडळी त्यांच्याही मनात होती. पण ती माणसांची होती, एकमेकांच्या पंगतीला बसणारी.

तारेवरचा_आवाज · मंगळवार, सकाळी ८:५०

मी तेवीस वर्षांचा, आमच्या मंडळीचा कॅमेरा मीच बघतो. चार गोष्टी आतून दिसतात त्या सांगतो.

'९६ व्ह्यूज' लिहिलेलं असतं त्याला कमिटी ९६ माणसं समजते. तसं नसतं. आत एक आलेख दिसतो, त्यात किती जण किती वेळ थांबले ते कळतं. आमच्याकडे बहुतेक जण पहिल्या गीतानंतर निघून जातात. शेवटपर्यंत राहणारे पंधरा-वीस. ते कोण, हे मी चौकशी करून शोधलं: अंथरुणावरची माणसं, दोन बाळंतिणी, एक डायलिसिसवाले काका, बाहेरगावी नोकरीला गेलेले तिघं. म्हणजे धडधाकट माणसं उपासना घरी बघत नाहीयेत, ती बघतच नाहीयेत. लाइव्ह बंद केलं म्हणून ती परत येणार नाहीत. पंचकाका, तुमच्याकडे बंद केल्यावर बाकं भरली का?

दुसरं, आवाज. फोनच्या माइकवर चर्च घुमतं, म्हाताऱ्या माणसांना शब्द लागत नाहीत. मिक्सरमधून एक वायर फोनला दिली आणि तीन आज्यांचे फोन आले, "बाळा, आज पाळकसाहेबांचं सगळं कळलं." तिचा खर्च दोनशे रुपयेसुद्धा नव्हता.

तिसरं जरा गंभीर आहे. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपण नावं घेतो, आजार सांगतो. ते सगळं यूट्यूबवर कायमचं राहतं. आमच्याकडे एका ताईंच्या आजाराचं असंच गेलं आणि पुढे त्यांच्या लग्नाच्या बोलण्यात ते निघालं. त्या रडत माझ्याकडे आल्या. मी व्हिडिओ काढला, पण बोललेलं गेलं होतं. तेव्हापासून प्रार्थनेच्या वेळी मी आवाज बंद करतो. मग घरचे आजारी म्हणतात, नेमकं आमचं नाव घेतात तेव्हाच तू बंद करतोस.

चौथं: शताधिपतीच्या, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या, चाकराला प्रभूने घरी न जाता, एका शब्दाने बरं केलं. दूर असणं त्याला कधीच अडचण नव्हती.

पंच_सोलापूर · मंगळवार, दुपारी १२:४०

बाळा, प्रश्न सरळ विचारलास, उत्तरही सरळ देतो. थोडी भरली. सगळी नाही. काही कुटुंबं आली, त्यांना कारणच हवं होतं. बरीचशी गेली ती गेलीच. आणि दोन म्हाताऱ्या त्या काळात वारल्या, ज्यांच्याकडे रविवारी काहीच पोचत नव्हतं. त्यांच्या मयतीत मी उभा होतो. हे मी आजपर्यंत कोणाजवळ बोललो नव्हतो.

लातूरची_एक · मंगळवार, रात्री ९:५५

पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मंडळी मोठी, शहरातली, दर रविवारी गच्च भरलेली. बावीस वर्षं मी त्याच बाकावर बसले. माझा मुलगा गेला, मोटरसायकलचा अपघात. दफनाला सगळे आले. पुढच्या रविवारी मी गेले नाही, त्याच्या पुढच्याही. सहा महिने गेले नाही. कोणीही घरी आलं नाही. एकदा फक्त वर्गणीच्या पावतीसाठी फोन आला.

टाळेबंदीत आम्ही अकरा बायकांनी रात्री नऊ वाजता फोनवर एकत्र येऊन एक अध्याय वाचायला सुरुवात केली होती. कोणी मिरजेची, कोणी जालन्याची, एक नाशिकरोडची. बहुतेकींनी एकमेकींना कधी पाहिलेलं नाही. मी सहा महिने त्या कॉलवर येऊन नुसती गप्प बसायचे. एकीनेही मला बोल म्हटलं नाही. दररोज माझं नाव घेऊन "आहेस ना?" एवढं विचारायच्या. मी हं म्हणायचे. मुलाच्या पहिल्या वर्षदिनाला मिरजेच्या ताई रात्रीच्या एसटीने आल्या. मी दार उघडलं तर ओळखलं नाही. आवाजावरून ओळखलं.

तेव्हा प्रत्यक्ष मंडळी चांगली आणि फोनवरची खोटी, असं मला म्हणता येत नाही. बाकावर शेजारी बसूनही माणूस दिसत नाही कधीकधी. पण हेही खरं की त्या आल्या तेव्हाच मी पहिल्यांदा मोठ्याने रडले. फोनवर रडले नव्हते.

नेवाशाची लेक · मंगळवार, रात्री १०:२०

ताई, तुमचं वाचून फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ बसून राहिले. तुम्ही लिहिलंत, आभार. त्या अकरा जणींना माझा सलाम सांगा.

एक_पाळक · बुधवार, सकाळी ६:१०

माझ्याकडे तीन खेड्यांच्या तीन लहान मंडळ्या आहेत. मोटरसायकलवर फिरतो. मत विचारलंत तर देतो, पण थकलेल्या माणसाचं मत म्हणून घ्या.

कॅमेऱ्यासमोर उपदेश करताना मला माझंच बोलणं बदललेलं जाणवलं. समोर चाळीस ओळखीचे चेहरे असले की मी थांबतो, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं तर वळण बदलतो, रागवायचं असेल तर नाव घेत नाही, त्या घराकडे बघतही नाही. कॅमेरा आला की मी अख्ख्या जगाशी बोलायला लागतो, आणि जगाशी बोललेलं माझ्या माणसांच्या कामाचं नसतं. शिवाय लोक मोठ्या शहरातल्या नामांकित वक्त्यांचे उपदेश पाहतात आणि मला क्लिप पाठवतात. ते माझ्याहून चांगलं बोलतात, यात शंका नाही. पण रात्री दोन वाजता सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ते येणार नाहीत.

तरुण मित्राने शताधिपतीचं उदाहरण दिलं, ते योग्य आहे. त्याला जोडून मार्काच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट ठेवतो. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचललं, गर्दीमुळे आत शिरता येईना, तेव्हा छप्पर उसकटून बाज खाली सोडली. प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असं लिहिलंय. नेवाशाच्या ताईंच्या आईला फोन मिळाला आहे, पण ते चौघं कुठे आहेत? याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं असं म्हटलंय. वडिलांनी जायचं आहे. लाइव्ह चालू झाल्यापासून आमच्या मंडळीचे वडील जात नाहीत, कारण "त्या बघतात की". माझी तक्रार लाइव्हबद्दल एवढीच आहे. न आलेल्यांची नव्हे, आलेल्यांची सवय त्याने बिघडवली.

म्हणून माझं म्हणणं: सगळ्या जगासाठीचं प्रक्षेपण बंद करा. अंथरुणावरच्यांसाठी दुतर्फी कॉल ठेवा, ज्यात त्यांचाही आवाज चर्चमध्ये ऐकू येईल. आणि प्रत्येक घरी मंडळीतला एक माणूस त्या वेळी शेजारी बसलेला हवा. प्रभुभोजनाच्या रविवारी मी भाकर आणि प्याला घेऊन नंतर येईन, उशीर झाला तरी.

तारेवरचा_आवाज · बुधवार, सकाळी ९:३०

पाळकसाहेब, कॉल जमेल. कायमची नोंद राहत नाही, म्हणून प्रार्थनेतल्या नावांचाही प्रश्न सुटतो. फक्त एक अडचण आधीच सांगतो. कॉलवर एकत्र गाता येत नाही. आवाज पोचायला थोडा वेळ लागतो. घरची माणसं कायम मागे पडतात, चर्चमध्ये ते विचित्र ऐकू येतं. गाताना त्यांचा आवाज बंद ठेवावा लागेल.

पंच_सोलापूर · बुधवार, सकाळी १०:०५

चांगलं आहे, पण दर रविवारी माणूस कुठून आणायचा? सुगीत सगळे रानात, तरुण मुलं पुण्याला कामाला. चार रविवार उत्साह राहतो. मी हे अडवण्यासाठी विचारत नाही, मला खरंच उत्तर हवंय.

वसईकर_धर्मग्रामस्थ · बुधवार, दुपारी १:२०

काका, आमच्याकडे पाळी असते. वीस-पंचवीस घरांचा एक लहान ख्रिस्ती समूह, त्या समूहातला आजारी त्याच समूहाने बघायचा. चर्चच्या नोटीस बोर्डावर यादी. कोणाला जमलं नाही तर त्यानेच बदली माणूस शोधायचा, फादरना फोन करायचा नाही. तरीही कधीकधी चुकतंच.

नेवाशाची लेक · तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:१५

सगळ्यांना कळवायचं होतं. मी गावी आहे, इथूनच लिहिते.

कमिटीच्या बैठकीला गेले होते. हा धागा छापून नेला, तुमची टोपणनावं तशीच ठेवून. पंचकाका, तुमचे प्रतिसाद मी स्वतः वाचले. मयतीत उभे होतात ते वाचल्यावर आमचे खजिनदार, जे सगळ्यात आग्रही होते, ते चष्मा पुसत बसले. जुनी_पानं, जस्टिनचा भाग पाळकसाहेबांनी परत वाचायला लावला.

ठरलं ते असं. यूट्यूब नाताळानंतर बंद. सात घरांसाठी कॉल. प्रत्येक घराला दोन माणसं नेमलीत, आळीपाळीने जायचं. दोन पंच अजून नाराज आहेत, त्यांना वाटतं पाळी मोडेल. मोडेलही. फेब्रुवारीत कांदा काढणी सुरू झाली की कळेल. बाहेरगावच्यांसाठी काहीच ठरलं नाही, उपदेशाचा नुसता आवाज पाठवायचा विचार आहे. दर्यावर्दी दादा, ते तुमच्यावरून सुचलं.

आज पहिला रविवार होता. आईकडे शाळेतल्या बाई येऊन बसल्या. आईला आदल्या दिवशी सांगितलं की स्तोत्र १२१ तू वाचायचंस, तर तिने रात्री तीनदा वाचून घेतलं, पाठ असूनसुद्धा. सकाळी इस्त्रीची साडी मागितली. नेहमीची धुवट नको म्हणाली, माणसं बघतील.

मी मुद्दाम चर्चमध्ये बसले होते. तिचा आवाज स्पीकरमधून आला, थोडा चिरकलेला. मागच्या बाकावरच्या कोणीतरी म्हटलं, "काकू आल्या."

मग गीत सुरू झालं. तारेवरच्या भावाने सांगितलं होतं तसं तिचा आवाज बंद करायचा होता, पण आमच्या मुलाच्या ते लक्षात राहिलं नाही. आई अख्खं गीत एक पाऊल मागे गात राहिली. आम्ही कडवं संपवायचो, ती शेवटचे दोन शब्द म्हणत असायची. दुसऱ्या कडव्यानंतर पेटीवाल्या दादांनी हात उचलला आणि ती संपवेपर्यंत थांबले. मग तिसरं कडवं. पुन्हा थांबले. तिला तिकडे हे काही कळलं नाही. मी घरी आल्यावर आई म्हणाली, आज गीत सावकाश घेतलं, बरं वाटलं.

प्रभुभोजन पुढच्या रविवारी आहे. पाळकसाहेब साडेबाराला येतो म्हणालेत.

पंच_सोलापूर · रविवार, सायंकाळी ६:००

ताई, आमच्याकडे नऊ घरं होतात. मोजून आलो. कॉलला फोन कोणता लावलात, आणि स्पीकरला कसा जोडलात ते मुलाला विचारून कळवा.

तारेवरचा_आवाज · रविवार, सायंकाळी ६:२०

काका, मिक्सर कोणता आहे त्याचा फोटो पाठवा, मागच्या बाजूचा. वायर मी सांगतो.